प्रकरण अकरावं

शिंत्र्यांचा फोन सकाळी साडेआठला.
"बाई, अकरावं प्रकरण अजून गारच आहे.
वाचनालयातनं पुस्तक नेणारी बाई
डाळ शिजत लावून वाचायला बसते,
कुकरची तिसरी शिट्टी तिला ऐकू येता कामा नये."
म्हटलं, बघते.

अकराव्यात मृणालिनी आणि डॉक्टर रोहित
पन्हाळ्यावरच्या बंगल्यात अडकलेत.
दहा दिवस झाले.
मी त्यांना धुकं दिलं, शेकोटी दिली,
दोघांत मिळून एकच शाल दिली.
त्याचा श्वास तिच्या मानेवर आणून ठेवला.
तिचे ओठ चार वेळा थरथरवले,
चौथ्यांदा तर मलाच काळजी वाटली,
पोरीला थंडीताप असेल.

एकवीस कादंबऱ्या झाल्या,
सगळ्या मधुरा इनामदार या नावानं,
जिचं वय शिंत्र्यांनी सव्विसावर थांबवलंय.
मला गुडघ्याला पट्टा लागतो.
इतक्या वर्षांत कळलंय ते एवढंच:
निऱ्या मोजत बसलं
की प्रसंगाची वाण्याची यादी होते,
आणि पहिल्याच ओळीत दिवा मालवला
तर वाचक अंधारात चपला शोधत राहतो.
मधे कुठंतरी एक जागा असते.
ती मी दर पुस्तकाला नव्यानं विसरते.

संध्याकाळी आनंदा उद्यमनगरातनं आला.
अंगाला कटिंग ऑइलचा वास,
बोटात लोखंडाचं कुसळ.
"जरा काढ गं. दुपारपासनं सलायलंय."

सुई गॅसवर धरली.
मोबाइलचा उजेड त्यानंच पाडला, दुसऱ्या हातानं.
माझा चष्मा नाकावरून घसरत होता
आणि माझे दोन्ही हात गुंतलेले.
त्यानं मोबाइल दातांत धरला,
मोकळ्या हाताच्या एका काळ्या, तेलकट बोटानं
चष्मा हळूच वर सरकवला.
चष्मा जागेवर बसला.
बोट तिथंच राहिलं, भुवईपाशी.

कुसळ निघायला वेळ लागला.
मी घाई केली नाही.
तोही बोटाकडं बघत नव्हता.

मोबाइल दातांतून काढून म्हणाला,
"निघालं?"
"कधीच."
"मग सोड की हात."

किती शिट्ट्या झाल्या सांगता येणार नाही.
रात्री आम्ही दोघांनी करपलेलं वरण खाल्लं,
कुणी काही बोललं नाही.

तो झोपल्यावर पन्हाळ्याचा बंगला पाडला.
शाल कपाटात गेली.
रोहितची डॉक्टरकी काढून घेतली,
त्याला लेथवर उभा केला, दुसऱ्या पाळीला.
मृणालिनीला चष्मा दिला, प्लस दोन.
पुऱ्या अडीच पानांत तिचा पदर जागचा हलला नाही
आणि लिहिता लिहिता माझे कान तापले.

शिंत्रे म्हणाले, "हिरोच्या नखांत मळी?
बाई, हे चालायचं नाही."
मग फोनवर नुसता पंख्याचा आवाज.
मग जरा खालच्या पट्टीत,
"पुढचं पान कुठाय?"

आनंदा पुस्तकं वाचत नाही,
पेपरातली कुस्ती तेवढी.
पण छापील प्रत आली त्या रात्री
गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन आला,
मिशीला फेस तसाच,
आणि टेबलावरचं पुस्तक उभ्यानंच उघडलं.
मी भाकरी थापत होते. मागं वळले नाही.
दोन भाकरी झाल्या. तिसरी फुगली.

"डाव्या हाताचं न्हवतं," तो म्हणाला.
"काय?"
"बोट. तू डावं लिवलंयस. उजवं हुतं."

पुस्तक मिटून तो हात धुवायला गेला.
हात स्वच्छच होते,
तरी नळ बराच वेळ चालू राहिला.

दुसरी आवृत्ती निघतेय म्हणे.
चुका असतील तर कळवा, असं शिंत्र्यांचं पत्र आलंय.
मी दोन वेलांट्या कळवल्या,
एक अनुस्वार.
छापलेलं डावंच राहू दे.